एक चाक फिरवा, दुसऱ्याकडे पाहा

अंधेरी-कुर्ला रस्ता आणि साकी विहार रस्ता जिथे भेटतात, त्या साकीनाक्याच्या चौकात तुम्ही कधी पाच मिनिटे नुसते उभे राहून पाहिले आहे काय? २०१४ सालापासून डोक्यावरून मेट्रो धावते आहे. खाली रिक्षा, टेम्पो, ट्रक आणि मोटारी एकमेकींना चिकटून वळत असतात. चौकापासून थोडे आत शिरले की गल्लोगल्ली कारखान्यांचे गाळे लागतात. कुठे लेथ चालू असतो, कुठे वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतात, तर कुठे जॅकवर चढवलेल्या गाडीखालून मेकॅनिकचे दोन पाय तेवढे बाहेर दिसत असतात.

समजा, अशाच एका गल्लीत तुम्ही तुमच्या मामांबरोबर आला आहात. मामांची शेती मुरबाडकडची. पावसाळ्यात शेतावर जायचा शेवटचा एक किलोमीटर म्हणजे निव्वळ चिखल. म्हणून त्यांना एक जुनी जीप घ्यायची आहे. विकणारा म्हणतो, "साहेब, हिचे मागचे डिफरन्शियल साधे नाही, लिमिटेड स्लिपचे आहे. चिखलात अडकायची नाही. म्हणूनच किंमत थोडी जास्त सांगतोय."

डिफरन्शियल असते गाडीच्या पोटाखाली, लोखंडी गोळ्यासारख्या बंद पेटीत. बाहेरून पाहून ते साधे की खास, हे कळत नाही. मग विकणाऱ्याचे म्हणणे खरे की खोटे, हे ठरवायचे कसे? पेटी न उघडता, एकही स्क्रू न काढता ठरवता येईल काय?

बऱ्याच अंशी येईल. पण त्यासाठी आधी ही पेटी काय काम करते, ते नीट समजून घेतले पाहिजे.

बैलगाडी, आगगाडी आणि मोटार

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर तोडावे लागते. शाळेच्या मैदानावर रांगेने कवायत करताना रांग वळली, की टोकाच्या मुलाला धावावे लागते आणि आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो. तसेच हे.

हा फरक किती पडतो? हिशेब सोपा आहे. समजा, दोन चाकांमधले अंतर १.२ मीटर आहे आणि गाडी काटकोनात वळते आहे. काटकोनी वळण म्हणजे वर्तुळाचा चौथा भाग. आतल्या चाकाच्या मार्गाची त्रिज्या 'त्र' धरली, तर बाहेरच्याची 'त्र + १.२'. दोन्ही मार्गांची लांबी काढून वजाबाकी करा. 'त्र' उडून जातो आणि उरते ३.१४ × १.२ ÷ २, म्हणजे सुमारे १.८८ मीटर. गंमत पाहा. वळण अरुंद असो की प्रशस्त, काटकोनात वळताना फरक तेवढाच राहतो. आता चाकाचा व्यास ०.६ मीटर असला, तर त्याचा परीघही १.८८ मीटरच होतो. म्हणजे दर काटकोनी वळणाला बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा पुरा एक फेरा जास्त घेते. साकीनाक्याहून निघून घरी पोचेपर्यंत गाडी किती वेळा वळते, याचा विचार करा.

बैलगाडीला ही अडचण येत नाही. तिची दोन्ही चाके आसावर सुटी फिरतात. त्यांना बैल ओढतात, आस फिरवत नाही. आगगाडीची आणि मेट्रोची चाके आसावर पक्की बसवलेली असतात. पण त्यांच्या कडा किंचित निमुळत्या असल्यामुळे वळणावर बाहेरचे चाक आपोआप मोठ्या व्यासावर चालते आणि बराचसा हिशेब जमतो. मोटारीची गोष्ट निराळी. तिथे इंजिनाला चाके फिरवायची असतात आणि ती कमी-जास्त वेगाने फिरण्याची मोकळीकही द्यायची असते. या दोन परस्परविरोधी मागण्या एकदम पुऱ्या करणारी दंतचक्रांची जुळणी म्हणजेच डिफरन्शियल. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच तंत्रज्ञाने १८२७ च्या सुमारास आपल्या वाफेच्या गाडीसाठी ती योजली. म्हणजे पेट्रोलच्या मोटारीपेक्षा ती कितीतरी जुनी आहे.

साकीनाक्याहून जवळच, कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ही कंपनी स्थापन केली. तिची 'पद्मिनी' गाडी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घरोघरी ठाऊक झाली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने रस्त्याचा निरोप घेतला. त्या टॅक्सीच्या मागच्या आसावर मधोमध जो फुगीर गोळा दिसे, तेच तिचे डिफरन्शियल. उपनगरांत धावणाऱ्या रिक्षालाही मागे दोन चाके असल्याने तिलाही ते असतेच. फक्त ते गिअरच्या पेटीत दडलेले असते.

रीळ आणि दोन पट्ट्या

डिफरन्शियलचा नियम घरी करून पाहता येतो. दोऱ्याचे एक रिकामे रीळ घ्या. घसरू नये म्हणून त्यावर दोन-तीन रबरबँड गुंडाळा. रीळ टेबलावर उभे ठेवून त्याच्या भोकात पेन्सिल घाला. रीळ पेन्सिलीभोवती सैल फिरले पाहिजे. आता रिळाच्या दोन्ही बाजूंना दोन फूटपट्ट्या कडेवर उभ्या करून हलक्या हाताने दाबून धरा. एखाद्या मित्राची मदत घ्या. पट्ट्या म्हणजे गाडीची दोन चाके, आणि पेन्सिल म्हणजे इंजिनाकडून येणारी गती.

पहिला प्रयोग : पेन्सिल पुढे ढकला. दोन्ही पट्ट्यांना सारखा विरोध असेल, तर दोन्ही सारख्याच पुढे जातात आणि रीळ स्वतःभोवती फिरत नाही. गाडी सरळ चालली आहे.

दुसरा प्रयोग : एक पट्टी घट्ट धरून ठेवा आणि पेन्सिल १० सेंटीमीटर पुढे न्या. दुसरी पट्टी २० सेंटीमीटर पुढे जाते.

तिसरा प्रयोग : पेन्सिल जागच्या जागी धरा आणि एक पट्टी पुढे सरकवा. दुसरी पट्टी तेवढीच मागे येते.

तिन्ही प्रयोगांतून एकच नियम निघतो. दोन पट्ट्यांच्या सरकण्याची सरासरी म्हणजे पेन्सिलीचे सरकणे. गाडीच्या भाषेत सांगायचे, तर दोन चाकांच्या फेऱ्यांची सरासरी म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या दंतचक्राचे फेरे. या मोठ्या चक्राला गॅरेजमध्ये 'क्राउन' म्हणतात. तिसरा प्रयोग विसरू नका. आपल्या परीक्षेत तोच उपयोगी पडणार आहे.

न्यायी, पण भोळा वाटेकरी

साधे डिफरन्शियल फेऱ्यांची वाटणी सोयीप्रमाणे करते. पण चाक फिरवणाऱ्या पिळाची, म्हणजे टॉर्कची, वाटणी मात्र नेहमी जवळजवळ निम्मी-निम्मी करते. रीळ मधोमध ढकलले तर दोन्ही पट्ट्यांवर सारखाच जोर पडतो, त्याचे हे रूप.

इथेच घोटाळा होतो. समजा, मामांच्या जीपचे डावे मागचे चाक निसरड्या चिखलात गेले आहे. तिथे पकड एवढी कमी, की १०० न्यूटन-मीटर टॉर्क लागला की चाक जागीच फिरू लागते. उजवे चाक कोरड्या मुरमावर आहे. ते हजार न्यूटन-मीटर पेलू शकेल. पण वाटणी निम्मी-निम्मी! डाव्याला १०० च्या वर देता येत नाही, म्हणून उजव्यालाही १०० च मिळतात. एकूण २०० न्यूटन-मीटरमध्ये जीप हलत नाही. तुम्ही पाहता, तेव्हा एक चाक चिखल उडवत गरगर फिरते आहे आणि चांगल्या जमिनीवरचे चाक ढिम्म उभे आहे. दोन चाकांत जे दुबळे, त्याच्या ताकदीवर गाडीची ताकद ठरते.

यावर उपाय म्हणजे रिळाच्या फिरण्याला लगाम घालणे. रीळ आणि पेन्सिल यांच्यामध्ये कागदाची घडी कोंबून पाहा. आता रीळ सहज फिरत नाही. पेन्सिल मोकळी सोडून एक पट्टी सरकवा. रीळ, पेन्सिल आणि दुसरी पट्टी सारी तिच्याबरोबर त्याच दिशेला जातात. जोर लावला तर रीळ थोडे घसरतेही, म्हणजे वळणापुरती मोकळीक शिल्लक आहे. घसरण आहे, पण मर्यादित. लिमिटेड स्लिप म्हणतात ते हेच.

लगामाचे प्रकार

या कल्पनेला जोर आला तो शर्यतीच्या गाड्यांमुळे. १९३० नंतरच्या दशकात फर्डिनांड पोर्श यांनी जर्मनीच्या ऑटो युनियन कंपनीसाठी बनवलेली गाडी इतकी ताकदवान होती, की भरधाव असतानाही तिचे एक मागचे चाक घसरून जागीच फिरे. म्हणून १९३५ साली त्यांनी झेडएफ या दंतचक्रे बनवणाऱ्या कंपनीकडून मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल करवून घेतले. अमेरिकेत १९५६ साली पॅकार्ड गाड्यांबरोबर ते नेहमीच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचले. पुढे त्याचे कितीतरी प्रकार निघाले. त्यांतले चार ध्यानात ठेवा.

पहिला, चकत्यांचा. एका चाकाच्या आसाला आणि डिफरन्शियलच्या पेटीला आलटून-पालटून जोडलेल्या पातळ चकत्या स्प्रिंगने एकमेकींवर दाबून ठेवतात. मोटारसायकलच्या क्लचमध्ये असतात तशाच. त्यांचे घर्षण हाच लगाम. स्प्रिंगचा दाब कायम असल्यामुळे हा लगाम गाडी उभी असतानाही काम करतो.

दुसरा, दाट द्रवाचा. बंद डबीत चकत्यांच्या दोन जोड्या आणि दाट सिलिकोन द्रव असतो. चकत्यांच्या वेगात फारसा फरक नसेल तर द्रव फारसा विरोध करत नाही. फरक वाढला की विरोध वाढतो. मधाच्या बरणीत चमचा हळू फिरवा, मग जोरात फिरवा, म्हणजे कळेल.

तिसरा, मळसूत्री दंतचक्रांचा. अमेरिकेतील व्हर्नन ग्लीझमन यांनी १९५८ साली याचे पेटंट घेतले. तो 'टॉर्सन' या नावाने प्रसिद्ध आहे. टॉर्कचा भार आला की याची चक्रे एकमेकांत आवळली जातात. भारच नसेल तर मोकळी राहतात.

चौथा, आपोआप कुलूप लावणारा. खरे तर हा मर्यादित घसरणीचा नव्हे. दोन चाकांच्या फेऱ्यांत मिनिटाला सुमारे १०० चा फरक पडला, की आतले छोटे वजन भोवऱ्याप्रमाणे बाहेर फेकले जाऊन खटका पडतो आणि दोन्ही चाके एकमेकांना घट्ट जखडली जातात. महिंद्रच्या २०२० सालच्या 'थार'च्या काही प्रकारांत आणि 'बोलेरो निओ'च्या एका प्रकारात मागच्या आसावर ईटन कंपनीच्या पद्धतीचे असे कुलूप आहे.

शिवाय आजच्या अनेक गाड्यांत डिफरन्शियल साधेच असते. पण एखादे चाक जागीच फिरू लागले की संगणक त्या एकाच चाकाला ब्रेक लावतो. दुबळ्या चाकाचा विरोध कृत्रिमपणे वाढवला, की निम्म्या-निम्म्या वाटणीमुळे दुसऱ्या चाकालाही तेवढाच जास्त टॉर्क मिळतो. ज्या नियमाने घोटाळा केला, त्याच नियमाकडून काम करून घेण्याची ही युक्ती आहे!

आता परीक्षा

परत गल्लीत या. गॅरेजच्या उस्तादांनी जीप सपाट, कठीण जमिनीवर आणली आहे. ही परीक्षा अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच करायची. तुमचे काम पाहण्याचे आणि नोंद ठेवण्याचे.

इंजिन बंद. किल्ली काढून मामांच्या खिशात. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. मागचा आस जॅकने उचलून दोन्ही मागची चाके अधांतरी करा आणि आसाखाली दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड द्या. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली हात घालायचा नाही. हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. चार चाकांवर चालणारी जीप असेल, तर दांडा दोन चाकांवर आणा. दोन्ही चाके ब्रेकला घासत नाहीत ना, हे आधी पाहून घ्या. एखादे घासत असेल तर परीक्षाच फसते.

दोन्ही टायरांवर वरच्या बाजूला खडूची खूण करा. उस्ताद डावे चाक हाताने हळूहळू पुढे फिरवतील. तुम्ही उजव्या चाकाकडे पाहा.

उजवे चाक उलट दिशेने फिरले तर? गिअर न्यूट्रल असला, तरी क्राउन, लांब शाफ्ट आणि गिअरपेटीतले दाट ऑइल यांना हलवण्यापेक्षा उजव्या चाकाला मागे फिरवणे सोपे जाते. हा आपला तिसरा प्रयोग झाला : पेन्सिल स्थिर, एक पट्टी पुढे, दुसरी मागे. म्हणजे आत लगाम जाणवत नाही. डिफरन्शियल साध्यासारखे वागते आहे.

उजवे चाक त्याच दिशेने फिरले तर? कागदाची घडी कोंबलेले रीळ आठवा. आत लगाम आहे.

खात्रीसाठी आणखी एक पाहा. इंजिन बंद ठेवूनच पहिला गिअर टाका. आता क्राउन जखडले गेले. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरवले की दुसरे उलट फिरणारच. लगाम असेल तर चाक हाताने फिरवणे फार जड जाईल.

लगाम किती घट्ट आहे, तेही मोजता येते. गिअर पुन्हा न्यूट्रलमध्ये. एक मागचे चाक जमिनीवर टेकवा, दुसरे अधांतरी राहू द्या आणि त्या बाजूला स्टँड ठेवा. अधांतरी चाकाच्या नटांवर एक मजबूत पट्टी बसवा आणि चाकाच्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर रद्दीवाल्याजवळ असतो तसा स्प्रिंगकाटा अडकवून पट्टीला काटकोनात ओढा. चाक सावकाश फिरू लागेल तेव्हा काटा वाचा. समजा, तो १० किलो दाखवतो. जोर झाला १० × ९.८, म्हणजे ९८ न्यूटन. अर्ध्या मीटरने गुणले की ४९ न्यूटन-मीटर. हा आकडा गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहायचा.

एक गोष्ट मात्र कधीही करायची नाही. एक चाक जॅकवर आणि दुसरे जमिनीवर असताना इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये अधांतरी चाक नुसते गरगर फिरते, म्हणून काही जण बेफिकीर असतात. पण आत लगाम किंवा कुलूप असेल, तर जमिनीवरच्या चाकालाही टॉर्क मिळतो आणि गाडी जॅकवरून उडी मारून पुढे येते. आत काय आहे हे ठाऊक नसतानाच आपण परीक्षा घेत असतो, हे विसरून चालणार नाही.

घाईचा निष्कर्ष

आता निकाल. समजा, डावे चाक पुढे फिरवले आणि उजवे चाक उलटे फिरले. पुन्हा करून पाहिले, तरी तेच. स्प्रिंगकाटाही दीड किलोच्या पुढे गेला नाही. मामा रागाने विकणाऱ्याकडे पाहतात. तुमच्याही तोंडावर येते, "हा खोटे बोलतो!"

थांबा. परीक्षेने नेमके काय सिद्ध झाले?

दोन्ही चाके एकाच दिशेने फिरली असती, तर आत लगाम आहे, असे बऱ्याच भरवशाने म्हणता आले असते. तेही पुरते नाही. एखाद्याने आतली दंतचक्रे वेल्डिंग करून जखडून टाकली असली किंवा ती गंजून अडकली असली, तरी चाके एकाच दिशेने फिरतील. म्हणून जोर लावल्यावर एक चाक दुसऱ्याच्या मानाने घसरते की नाही, ते पाहावे लागते. मुळीच घसरत नसेल, तर ती गाडी पक्क्या रस्त्यावर वळताना टायर घासत जाईल.

चाके उलट फिरली, तर शक्यता एक नाही, निदान चार आहेत. डिफरन्शियल साधे असेल. द्रवाचे असेल, हाताच्या सावकाश फिरवण्याला द्रव फारसा विरोध करत नाही. मळसूत्री असेल, चाके अधांतरी असताना त्याच्यावर भारच नाही. आपोआप कुलूप लागणारे असेल. हाताने मिनिटाला १०० फेऱ्यांचा फरक कुणी पाडत नाही. आणि पाचवी शक्यता अशी, की चकत्यांचे असूनही चकत्या झिजून गुळगुळीत झालेल्या असतील. म्हणजे 'लगाम जाणवला नाही' आणि 'लगाम नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत. तापमापकात पारा चढला नाही म्हणजे रोगी निरोगी, असे डॉक्टर म्हणत नाहीत.

म्हणून पुरावा वाढवायचा. गाडीचा नेमका प्रकार कोणता आणि तो कोणत्या डिफरन्शियलसह विकला जात असे, हे चॅसिस क्रमांकावरून व पुस्तिकेवरून शोधायचे. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने आसच बदललेला असू शकतो, म्हणून नुसते कागद पुरत नाहीत. डिफरन्शियलच्या झाकणाच्या बोल्टाखाली कधीकधी पत्र्याची छोटी पट्टी असते. तिच्यावर खास ऑइल वापरण्याची सूचना असेल, तर तो मोठा धागा मिळाला. चकत्यांच्या डिफरन्शियलला घर्षण नेमके राखणारे द्रव्य मिसळलेले ऑइल लागते. भलतेच ऑइल घातले, तर गाडी हळू वळताना मागून थरथर आणि कुरकुर ऐकू येते. आणि शेवटचा उपाय म्हणजे ऑइल काढून झाकण उघडणे. तिथे अंदाजाला जागा उरत नाही. ऑइल दुधाळ दिसले तर पेटीत पाणी शिरले होते, हेही कळते. तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्या मुंबईच्या जुन्या गाड्यांत हे आवर्जून पाहावे.

समजा, उस्तादांनी फडक्याने झाकण पुसले आणि ती पत्र्याची पट्टी सापडली. विकणाऱ्याच्या परवानगीने त्यांनी झाकण उघडले. आत स्प्रिंग होती, चकत्याही होत्या. पण आरशासारख्या गुळगुळीत झालेल्या. म्हणजे विकणारा खोटे बोलत नव्हता आणि तुमची परीक्षाही चुकली नव्हती. यंत्र 'आहे' आणि यंत्र 'काम करते' यांत जेवढे अंतर असते, तेवढेच त्या दोघांच्या म्हणण्यात होते. मामांनी त्याला खोटारडा म्हटले असते, तर एका सरळ माणसाचा अपमान झाला असता. नुसता विश्वास ठेवून जास्त पैसे मोजले असते, तर पहिल्याच पावसात जीप चिखलात रुतली असती. आता नव्या चकत्यांचा खर्च किमतीतून वजा करून सौदा ठरवता येईल, आणि तो दोघांनाही पटेल.

तुम्ही करून पाहा

गाडी मिळेलच असे नाही. पण रीळ आणि पट्ट्या मिळतील. शिक्षकांच्या मदतीने वर्गात मांडणी करा. रिळात कागदाच्या एक, दोन, तीन घड्या घालून, पेन्सिल धरून ठेवून, एक पट्टी हलवायला किती जोर लागतो, ते प्रयोगशाळेतल्या स्प्रिंगकाट्याने मोजा आणि आलेख काढा. ओळखीच्या गॅरेजमध्ये साधे डिफरन्शियल उघडलेले असेल, तर विचारून पाहून या. आतली चार छोटी दंतचक्रे पाहिली, की रिळाचे काम कोण करते ते लगेच कळेल.

आणि एक प्रश्न विचारासाठी. साध्या डिफरन्शियलची गाडी चिखलात रुतून एक मागचे चाक जागीच फिरू लागले, की काही जाणते चालक हँडब्रेक किंचित ओढून मग हलकेच ॲक्सिलरेटर दाबतात. ज्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करतो, त्यांत ही युक्ती पुष्कळदा कामी येते. ब्रेक लावल्याने गाडी पुढे कशी सरकते? उत्तर याच लेखात आहे. शोधून काढा आणि मामांना समजावून सांगा.